मे महिन्यात न दिसणारं वायंगण

माझ्या गावातली शेती मेली, असं मी छापून आणलं. ती मेली नव्हती. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज होणार नाही.

मी पुण्यात एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी मराठी लेखनातल्या शेतीवर लेख लिहिला. त्यात देशावरची वावरं होती, बैलजोड्या होत्या, दुष्काळ होता. शेवटी थोडं कोकणावर लिहायला हवं म्हणून सिंधुदुर्गातल्या आमच्या गावाचं उदाहरण घेतलं. वायंगण म्हणजे पावसाळी भात कापून झाल्यावर ओढ्याच्या पाण्यावर घेतात ते दुसरं भात. त्याबद्दल मी लिहिलं, ‘वायंगण हा शब्द आता फक्त शब्दकोशात उगवतो.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. एका कार्यक्रमात वाचून दाखवलं तेव्हा टाळ्याही पडल्या.

आधार काय होता? दर मे महिन्यात मी गावाला जातो आणि मळ्यातले सगळे कुणगे, म्हणजे भाताचे ते लहान लहान तुकडे, भेगाळलेले आणि रिकामे पाहतो, एवढाच. चाकरमान्याचं गाव दोन महिन्यांचं असतं. एक मे महिना आणि एक गणपतीचा. मधलं गाव त्याला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

नोव्हेंबरात वैनीचा फोन आला. वैनी म्हणजे माझे चुलतभाऊ भिकादादा यांची बायको. गावचं घर आणि शेत तेच दोघं सांभाळतात.

“भावजी, तुमी लिवलास तां तातूभावजीन वाचल्यान. आता तो कुणग्याक गडगो घालता. काजी लावतलो म्हणता.”

तातूदादा आमचाच भाऊबंद. नोकरी संपली तरी राहतो डोंबिवलीला. त्याचा कुणगा मळ्याच्या बरोबर मधे आहे. त्या वर्षी बऱ्याच काळानंतर गावाने सगळा मळा वायंगणाखाली आणायचं ठरवलं होतं आणि तातूदादानेही फोनवर होकार दिला होता. मग त्याच्या हातात माझा लेख पडला. शिकलेला माणूस लिहितो तर खरंच असणार, असं म्हणून त्याने काजू लावायचं ठरवलं आणि गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या भिंतीसाठी, चिऱ्यांचा टेम्पो मागवला. आमच्या मळ्यात पाणी एका कुणग्यातून दुसऱ्यात उतरतं. मधल्या कुणग्याला दगडी गडगा पडला की खालचा सगळा मळा कोरडा. आणि सगळ्यात खाली, शेवटी, भिकादादाचा कुणगा.

“दादा काय म्हणतोय?” मी विचारलं.

“ते काय म्हणतले? तुमचां नाव काडला की गप ऱ्हवतत.”

मी रजा टाकली.

कणकवली ते घर

कणकवलीला सकाळी उतरलो तर थंडी होती. कोकणात थंडी असते हेच मला नवीन. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, “लग्नाक इलास?” डिसेंबरात चाकरमानी लग्नाशिवाय कशाला येईल! मी म्हटलं, शेतीच्या कामाला. त्याने वळून माझ्या बुटांकडे बघितलं आणि रिक्षा सुरू केली.

मालवणच्या रस्त्याने आत वळल्यावर मी खिडकीशी सरकून बसलो. मेमध्ये जिथे फक्त लाल धूळ असते तिथे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पिवळं गवत वाऱ्याने लवत होतं. आंब्यांना कुठे कुठे मोहर फुटत होता. अंगणांत नव्या पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. उतारांवर कुळीथ हिरवागार उगवून आला होता. आणि व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, वाहत होता! मी पाहिलेला व्हाळ एक तर गढूळ, काठ फोडणारा, नाही तर मेमधला नुसता गोट्यांचा. हा स्वच्छ होता, घोट्याएवढा, आपल्या कामाला निघालेला. मळ्याच्या वरच्या अंगाला पॉवर टिलरचा आवाज येत होता आणि नांगरलेला ओला चिखल उन्हात चमकत होता. शेजारच्या वाफ्यात तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, वीतभर वर आला होता. शब्दकोशात उगवलेला शब्द तो हाच.

घरी दादा पडवीत कोयत्याला धार लावत बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी कोयता उलटा करून दुसरी बाजू घासायला घेतली.

“गो,” त्यांनी आत हाक दिली, “तेका इचार, घावणे खातलो काय पुण्यासून खावनच इलो.”

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

वैनी दारात येऊन म्हणाली, “भावजी, ते इचारतत...”

“खाईन.”

“खातलो म्हणतत,” वैनीने दादांना सांगितलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

घावणे आले. तव्यावरून उतरलेले, जाळीदार, सोबत नारळाची चटणी. पुण्यात आम्ही याला डोसा समजून खातो आणि सांबार मागतो. दोन घास पोटात गेल्यावर मला धीर आला. मी म्हटलं, “दादा, त्या लेखाचा उद्देश खरं तर वेगळा होता...”

दादांनी मान वर न करता पुन्हा हाक दिली, “गो, लेखाचो उद्देशपण इलो बग. तेकाव दोन घावणे घाल.”

हसावं की रडावं कळेना. वैनी मात्र स्वयंपाकघरात मोठ्याने हसली. उद्देशाची गोष्ट मी नंतर काढली नाही.

दुपारी उकड्या तांदळाची पेज होती. लालसर, दाट, मीठ आणि खोबऱ्याचा तुकडा. सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. मी वैनीला म्हटलं, मेमध्ये आलो की अशीच पेज असते, मला फार आवडते.

“ती खंयची म्हणान खाल्लास?” वैनीने विचारलं. “बाजारातली वाटली? भावजी, मेमदी तुमका घालतंय ती नव्या वायंगणाची पेज. चैत्रात कापतव, तुमी येवच्या आदी झोडून कणग्यात भरतव. तुमी येतास आणि म्हणतास, शेतां उघडी पडली.”

दादा हात धुवायला उठले. जाता जाता वैनीलाच म्हणाले, “तेका वाड अजून. पडीक जमनीतली आसा.”

व्हाळावर

दुसऱ्या दिवशी बांध घालायचा होता. दरवर्षी पाऊस गेल्यावर व्हाळ अडवून पाण्याची पातळी उचलतात, म्हणजे ते पाटाने मळ्यात चढतं. पावसाळ्यात बांध वाहून जातो, पुन्हा घालायचा. घरटी एक माणूस द्यायचा असा रिवाज. देशावर मी जे पाहिलं होतं त्यात विहीर ज्याची पाणी त्याचं. इथे पाणी कुणाचंच नव्हतं, म्हणून माणूस सगळ्यांनी द्यायचा. आमच्या घरातून दादा जातातच. मी माझा वेगळा माणूस म्हणून गेलो.

काठावर एका दगडासमोर नारळ ठेवला होता. दादांनी टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकाने मांडायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या तुज्या व्हाळाक बांद घालूक तुजी सगळी लेकरां जमलेली आसत. तेंच्या हातापायाक यश दी.”

“व्हय म्हाराजा!”

“बांद घट रवांदे. पाणी मळ्याच्या शेवटच्या मेरेपर्यंत जावंदे.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि म्हाराजा, कोणी शिकल्यासवरल्यान कागदार कायव लिवल्यान आसात, तर तां तू मनार घेव नको. तुका वाचूची सवय नाय, तां बराच आसा.”

“व्हय म्हाराजा!” हा होकार एवढ्या जोरात आला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. माझे कान तापले. पण खरं सांगतो, माझ्या लेखाचं याहून अचूक परीक्षण कुणी केलेलं नाही.

मग काम. ओढ्यात रोवलेल्या खांबांना आडव्या फांद्या गुंफायच्या, त्यावर पेंढा, त्यावर चिकणमाती, आणि खालच्या बाजूने मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. मी पिशव्या वाहणाऱ्यांच्या रांगेत लागलो. पहिली पिशवी खांद्यावर घेतली आणि चिखलात पाय घालताच तो आतच राहिला. मी पुढे गेलो, पाय मागे. पिशवीसकट व्हाळात आडवा झालो.

“प्रोफेसर लावणीक पडलो रे!” कुणीतरी ओरडलं.

“आडवो नको, उभो लाव! आडवो लावलो तर रुजणा नाय!”

दोघांनी मला उभा लावला. माझी पिशवी मात्र नेमकी भोकावर पडली होती आणि तिथला पाण्याचा झोत थांबला होता. वैनी वरून म्हणाली, “बरी पडली. रवांदे थंयच.” माझा शेतीला झालेला आयुष्यातला हा पहिला उपयोग.

पेजेच्या सुट्टीत तातूदादा आला. पांढरे बूट, हातात मोबाईल. कालच मुंबईहून उतरला होता, गवंडी बघायला. मला पाहून तो थबकला. माझ्या केसांतही चिखल होता.

“काय रे, तू? तूच लिवलंस सगळां संपला म्हणान. आता चिखलात काय सोदतंस?”

दादा पेजेच्या टोपाकडे पाठ करून बसले होते, ते तसेच बसून राहिले. मी येताना गाडीत पुष्कळ वाक्यं जुळवून ठेवली होती. साहित्याची मर्यादा, प्रातिनिधिक उदाहरण वगैरे. ती सगळी मी सोडून दिली.

“तातूदादा, मी चूक लिहिलं. मी मेमध्ये बघून लिहिलं. वायंगण तेव्हा कापून झालेलं असतं. मी पाहिलं ते कापलेलं शेत होतं. पड नव्हे.”

“मगे छापलंस कित्याक?”

“वाक्य चांगलं झालं होतं म्हणून.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “वाक्य?”

“हो.”

“मेल्या, एका वाक्यासाठी माका टेम्पोभर चिरे हाडूक लावलंस?”

बांधावर हशा फुटला. तातूदादा हसला नाही. त्याचा चेहरा कष्टी झाला होता. “माजो बापूस ह्या कुणग्यात राबलो. मी लेख वाचून दोन दिवस धड जेवूक नाय. म्हटलंय, संपला तर संपला, निदान गडगो तरी घालूया, नाव ऱ्हवात.” मग जरा चढ्या आवाजात म्हणाला, “आज मेला म्हणतंस, उद्या जिता म्हणतंस. तुजां काय खरां? पाणी माज्या मेरेर येवंदे. मगे बगू.”

“येतला तर!” वैनी म्हणाली. “तुमी बूट काडून ठेवा, भावजी.”

दुपारी मधलं तोंड बुजवायचं काम उरलं. तिथून पाणी जोराने सुटत होतं. सगळे एकदम उतरले, पिशव्या पडल्या, पेंढा कोंबला, वरून चिकणमाती. मी दोन माणसांमध्ये खांदा अडकवून उभा होतो आणि पाठीमागे पाणी चढताना कळत होतं. आधी पोटऱ्या, मग गुडघे, मग मांड्या. बांध थरथरला आणि थांबला. खालच्या अंगाला व्हाळ सुका झाला, गोट्यांवर मासे तडफडू लागले. वरच्या अंगाला पाणी गप्प, काठोकाठ, आभाळ घेऊन पसरलं.

तिथे उभं असताना माझ्या लक्षात आलं की माझ्या लेखात चूक एका वाक्याची नव्हती. मी लिहिलं होतं की कोकणात शेतीचं मोठं लेखन नाही, कारण इथली शेती तुकड्यातुकड्यांची, तिच्यात नायक उभा राहायला जागा नाही. मला शेती म्हटलं की एकटा माणूस दिसायचा. त्याचं वावर, त्याची जोडी, आभाळाकडे लागलेले त्याचे डोळे. ज्या शेतीला असा एक माणूस नाही ती मला शेतीच वाटली नव्हती. इथे माझा खांदा नक्की कुणाच्या खांद्याला लागला आहे हेही मला कळत नव्हतं, आणि पाणी मात्र थांबलं होतं. यावर कुणी लिहिलं नाही, हा शेतीचा दोष कसा?

मळ्यात

सकाळी दादांनी पाटाचं तोंड उघडलं आणि खाली, शेवटच्या आपल्या कुणग्याकडे चालू लागले. बाकी सगळा गाव पाण्याबरोबर चालला. मीही.

पाण्याबरोबर चालणं ही काय मजा आहे हे मला सांगता आलं तर बरं होईल. ते पळत नाही. सुक्या पाटात जीभ काढल्यासारखं पुढे येतं, वाळलेली पानं ढकलतं, एखाद्या भोकात शिरून दिसेनासं होतं. सगळे थांबतात. भोकातून बुडबुडे येतात, एक कुर्ली, म्हणजे खेकडा, वैतागून बाहेर पडते, आणि पाणी पुन्हा निघतं. पहिला कुणगा भरला, त्याची मेर, म्हणजे मातीची कड, खोऱ्याने कापली, पाणी दुसऱ्यात उतरलं. वरचे कुणगे आधीच नांगरलेले होते, तिथे ते सरसर पसरलं. बगळे मागून येत होते, गावातल्या म्हाताऱ्या मेरेवरून चालत होत्या, आणि प्रत्येक मेर कापली की कुणीतरी “इला रे!” म्हणायचं, जणू ते येईल याची कुणालाच खात्री नव्हती.

उन्हं वर आली तेव्हा पाणी तातूदादाच्या मेरेला टेकलं.

पलीकडे कुणग्यात लाल चिरे रचून ठेवले होते. त्यांच्यावर तातूदादा बसला होता, बूट घालून. पाणी मेरेला लागून चढू लागलं. एक बोट, दोन बोटं. मेर त्याची होती, खोरं दुसऱ्या कुणाला मारता येत नव्हतं.

वैनी मेरेवर कमरेला हात लावून उभी राहिली. “भावजी, पाव्हणे दारात उभे आसत. उघडतास काय तसेच परत पाठवू?”

तातूदादा खाली उतरला. मेरेपाशी आला, वाकला आणि पाण्यात हात घातला. बराच वेळ तसाच. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “थंड आसा रे.” एवढंच.

बूट काढून त्याने मेरेवर ठेवले. “बगताव काय? आदी चिरे भायर काडा! पाणी खंयसून जातला, माज्या डोक्यावरसून?”

मग जे झालं ते मी विसरणार नाही. कुणी काही ठरवलं नाही, आपोआप रांग झाली. चिरा उचलायचा, शेजारच्याच्या हातात, त्याने पुढच्याच्या. जड, खरबरीत, तळवे सोलणारे चिरे. तातूदादा रांगेच्या तोंडाशी होता, मी त्याच्या पुढे.

“घे, हो तुज्या पयल्या शब्दाचो,” पहिला चिरा माझ्या हातात आपटत तो म्हणाला. “हो दुसऱ्याचो. किती शब्द होते रे तुज्या वाक्यात?”

“सात.”

“मोठा वाक्य लिवलंस नाय तां बरा झाला!”

रांगभर हसू पसरत गेलं. चिरे बांधावर वाहून नेले. त्या चिऱ्यांनी बांधाची खालची बाजू पक्की करायचं ठरलं, म्हणजे टेम्पो अगदीच फुकट गेला नाही. मग तातूदादाने खोरं घेतलं. आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, पण पहिलाच घाव असा मारला की मेरेचं ढेकूळ उडून वैनीच्या लुगड्यावर पडलं. पाणी आत शिरलं आणि तातूदादा त्याच्या पुढे उलट्या पावलांनी चालत राहिला, लहान मुलाला चालायला शिकवतात तसा. “ये, ये. ये गो बाय, ये.” कुणीतरी घमेलं बडवायला लागलं. म्हाताऱ्या हात जोडत होत्या आणि हसतही होत्या. मी जोरात ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

त्यानंतर पाणी अडलं नाही. एकेक मेर कापत ते खाली उतरत गेलं. मागे वळून पाहिलं तर वरपासून सगळा मळा कुणगा कुणगा उजळत आला होता आणि वरच्या टोकाला बायका तरवा काढायला बसल्यासुद्धा होत्या.

शेवटच्या कुणग्यात दादा एकटेच उभे होते. त्यांनी माती भुसभुशीत करून ठेवली होती, काल संध्याकाळी किंवा आज पहाटे. पाणी येईलच असं धरून चालणारा सबंध मळ्यात तो एकच माणूस होता. मी पाण्याबरोबरच त्यांच्यापर्यंत पोचलो. मेर कापली गेली, पाणी त्यांच्या पायांना लागलं. त्यांनी खाली बघितलं, आणि मग सरळ माझ्याकडे. डोळे भरले होते.

“इला मा रे पाणी!” ते मला म्हणाले. वैनी तिथे नव्हती. मलाच म्हणाले.

त्यांनी मला तिथेच सोडून दिलं असतं. काल देवापुढे माझ्याबद्दल त्यांचं बोलून झालं होतं, तातूदादाला मी सांगितलं होतं, पाणी आलं होतं. विषय संपला, असं म्हणून घरी जाऊन जेवायला सगळे मोकळे होते. पण देवाला आणि तातूदादाला कळलं म्हणजे दादाला सांगितलं असं होत नाही. आणि दादाशी मी जन्मभर पुस्तकातल्या मराठीत बोलत आलो होतो, ते त्यांच्या भाषेत बोलत असताना. त्या मराठीत मी फार सफाईने चुकलो होतो. म्हणून मोडकीतोडकी, जशी आली तशी मालवणी बोललो.

“दादा, मी चुकीचा लिवलंय. नीट बगूक नाय, तुका इचारूक नाय. तू हंय राबत होतंस आणि तुज्या जित्या शेताक मी मेला म्हटलंय. माका माफ कर.”